ओव्हरक्लॉक केल्यापासून भजनात तडतड: बोर्डाचा आवाज गेला की माझंच काहीतरी चुकलंय?

वेंगुर्ल्याचा_फोटोवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण घाई आहे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलीय.

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचं शूटिंग हे पोटापाण्याचं. शिवाय गेली चार वर्षं चवथीच्या आधी डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनांच्या सामन्याच्या) बुवांची भजनं रेकॉर्ड करून त्यांचे व्हिडिओ करून देतो. बाजारात रिक्षांचे हॉर्न वाजतात म्हणून रेकॉर्डिंग घरी, उभादांड्याला, माडीवर करतो. तिथेही खिडकी उघडली की समुद्राची गाज आत येते, पण भजनात ती खपून जाते.

मशीन असं आहे: रायझन 5 5600, बी450 चा बोर्ड, 3600 च्या 8-8 जीबीच्या दोन रॅम, एक जुनं ग्राफिक्स कार्ड. वेगळं साउंड कार्ड किंवा इंटरफेस नाही. मिक्सरमधून वायर निघते ती सरळ बोर्डाच्या मागच्या निळ्या भोकात. हसू नका, चार वर्षं याच्यावर निभावलंय.

मे महिन्यात भाचा पुण्याहून आंबे खायला आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आंबे संपल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरला आणि ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे सगळं ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलं. प्रोसेसरचे सगळे कोअर 4.6 गिगाहर्ट्झवर, रॅम 4000 वर आणि एफसीएलके नावाचं काहीतरी 2000 वर नेलं. तासभर प्रोसेसरची टेस्ट लावली, ती पास झाली. म्हणाला, "मामा, फुकटात वेग." लग्नाचा जो व्हिडिओ रेंडर व्हायला 50 मिनिटं लागायची तो 47 मिनिटांत व्हायला लागला. तीन मिनिटं वाचली. त्या तीन मिनिटांत मी काय करणार होतो देव जाणे.

तेव्हापासून तीन भानगडी झाल्या आहेत.

पहिली: मधेच तड्, तड् असा आवाज. ओलं लाकूड चुलीत घातल्यावर होतो तसा. कधी दहा सेकंदांनी, कधी दोन मिनिटं काहीच नाही.

दुसरी: हेडफोनमध्ये बारीक घूंऽऽ ऐकू येते. रेंडर लावलं की तिच्यावर किर्र चढते. माउसचं चाक फिरवलं तरी किर्र.

तिसरी सगळ्यात विचित्र. बुवांना भजनातला एक गजर पाठवला, त्यांनी मोबाइलवर ऐकून लगेच फोन केला. "मी पांढरी चारात गायलंय, ही पेटी चढली कशी?" (पांढरी चार म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी.) मला वाटलं, मशीन वेगात पळतंय म्हणजे भजनही वेगात पळणार. असं होतं का हो?

कुडाळच्या एका दुकानात दाखवलं, ते म्हणाले बोर्डावरचा साउंड गेला, बोर्ड बदला, सात हजार. भाच्याची परीक्षा चालू आहे, फोन उचलत नाही. काय करू?

रत्नांग्रीची

दादा, सात हजार खिशात ठेवा. तीन वेगवेगळ्या गोष्टी एका दिवशी कळल्या म्हणून त्यांचं कारणही एकच असेल असं नाही.

आधी एक काम करा. तडतड झालेली फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि मोबाइलवर ऐका. तिथेही त्याच जागी तड् आलं तर ते फाइलमध्ये बसलेलं आहे, म्हणजे रेकॉर्ड होतानाच काहीतरी निसटलं. मोबाइलवर साफ ऐकू आलं तर दोष फक्त ऐकण्याच्या वाटेत आहे. घूंऽऽ साठी उलटी परीक्षा: जुनं, ओव्हरक्लॉकच्या आधीचं भजन त्याच हेडफोनवर लावा.

दुसरं, ग्राफिक्स कार्डावरून एचडीएमआयने टीव्ही जोडा आणि आवाज टीव्हीवर काढा. तो आवाज बोर्डाच्या साउंड चिपमधून जातच नाही, कार्डातून जातो. टीव्हीवरही तडतड आली तर बिचाऱ्या साउंड चिपला उगाच शिव्या घालतोय आपण.

माझा अंदाज सांगते. मी इथे स्थानिक जाहिराती एडिट करते आणि तुमच्यासारखीच शहाणपणा करून बसलेली आहे. तुमच्या प्रोसेसरमध्ये दोन तुकडे असतात. एकात कोअर, दुसऱ्यात रॅमचा कंट्रोलर आणि बाहेरच्या जगाशी बोलणारं सगळं. बोर्डावरच्या आवाजाचा कंट्रोलरसुद्धा या दुसऱ्या तुकड्यातच असतो, बोर्डावर फक्त कोडेक चिप, म्हणजे आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करणारी. दोन तुकड्यांना जोडणारा रस्ता म्हणजे इन्फिनिटी फॅब्रिक, आणि त्याचा वेग म्हणजे तुमच्या भाच्याचं ते एफसीएलके. रॅम 3600 असेल तर फॅब्रिक 1800, म्हणजे निम्मं. 4000 ला 2000. बऱ्याच रायझन 5000 ना 1900 च्या पुढे हा रस्ता झेपत नाही. पण मशीन बंद पडत नाही, तिथेच गंमत आहे. चूक झाली की ती पकडली जाते, माहिती पुन्हा पाठवली जाते, काम चालू राहतं. व्हिडिओ रेंडर करताना हे कळणारही नाही. आवाजाला मात्र थांबणं माहीत नसतं.

48,000 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने (सॅम्पल) घेताना, 256 सॅम्पलचा बफर (तात्पुरती साठवण) म्हणजे सुमारे 5.3 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पुढचा घास आला नाही की ताट रिकामं, आणि तुम्हाला ऐकू येतं तड्. भाच्याची टेस्ट पास झाली कारण तसल्या बऱ्याच टेस्ट प्रोसेसरच्या कॅशमध्येच, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या मेमरीतच, घुटमळतात, फॅब्रिकवर फार भार येतच नाही.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टीममध्ये डब्ल्यूएचईए लॉगर (हार्डवेअरच्या चुका टिपणारा), क्रमांक 19 अशा नोंदी शोधा. सापडल्या तर चोर सापडला.

काजूगर

उभादांड्याला घर आणि चिंता तडतडीची? आम्ही मुंबईत लोकलच्या खडखडाटात एडिट करतो. जागा बदलायची का?

वेंगुर्ल्याचा_फोटोवाला

काजूगर, या पावसात या. छपरावर चढून नळे परतायला माणूस हवाच आहे.

ताई, तुमची परीक्षा दिली. तडतड फाइलमध्येच आहे. मोबाइलवरही त्याच जागी, एक तर बरोबर मृदुंगाच्या समेवर. टीव्हीवरही येते. घूंऽऽ मात्र वेगळी निघाली. दोन वर्षांपूर्वीचं भजन मोबाइलवर स्वच्छ वाजतं, कॉम्प्युटरवर हेडफोन लावला की त्यातही घूंऽऽ आणि किर्र.

आणि क्रमांक 19 च्या नोंदी किती म्हणता? एका संध्याकाळच्या 214. मी खाली-खाली सरकवत गेलो तर संपेचनात. पोटात गोळाच आला.

जुना_खोका

राजापूरहून लिहितो. मी 1998-99 मध्ये मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मशिनं जोडायचो, तेव्हा हा विषय मला जवळचा. थोडं मागे जातो, कंटाळा आला तर पुढच्या उत्तरावर उडी मारा.

तेव्हा सेलेरॉन 300ए नावाचा प्रोसेसर यायचा. बस (प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणारा रस्ता) 66 मेगाहर्ट्झची 100 केली की 300 चा 450 व्हायचा. आम्ही पोरं नुसती वेडी झालो होतो. त्या काळी सगळी घड्याळं एकाच खुंटीला टांगलेली असत. पीसीआयचा, म्हणजे जादा कार्डं जोडायच्या खाचांचा, वेग 33 मेगाहर्ट्झ, तो बसला भागून काढलेला. 66 ला दोनने भागा, 33. 100 ला तीनने भागा, 33. इथवर सगळं सुखाचं. पण 83 वर ठेवलं आणि बोर्डाने दोननेच भागलं की पीसीआय 41 च्या वर. मग पीसीआयवरचं साउंड कार्ड किंचाळायचं. ते तरी परवडलं, त्याच बसच्या आधाराने हार्ड डिस्क चालायची, तिच्यावर कचरा लिहिला जायचा. एका गिऱ्हाइकाचा सगळा हिशेब असा गेला माझ्या हातून. त्याने पैसे दिले नाहीत, आणि बरोबरच केलं.

नंतर बोर्डांवर पीसीआय कुलूपबंद करायची सोय आली. इंटेलने 2011 मध्ये सँडी ब्रिज ही प्रोसेसरची पिढी आणली तेव्हा पुन्हा सगळ्यांचं घड्याळ एकच झालं, बेस क्लॉक (सगळ्यांचं मूळ घड्याळ) 100 चा 105 करायचा म्हटलं तरी घाम फुटायचा. 2015 च्या स्कायलेकमध्ये ते पुन्हा वेगळं केलं. तुमच्या भाच्याने बेस क्लॉकला हात लावलेला दिसत नाही, गुणकच, म्हणजे त्या घड्याळाला ज्या आकड्याने गुणून कोअरचा वेग निघतो तोच, वाढवलाय. पोरगं तेवढं शहाणं आहे.

आता बुवांच्या पट्टीचं. मला तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात आवडलेलं हेच. प्रोसेसर 4.6 वर नेला म्हणून सूर चढत नाही. आवाजाचं घड्याळ निराळं असतं. जुन्या एसी-97 कोडेकच्या शेजारी चांदीच्या डबीसारखा 24.576 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असायचा. त्याला 512 ने भागा, बरोबर 48,000 येतात. 2004 च्या हाय डेफिनिशन ऑडिओत हे घड्याळ 24 मेगाहर्ट्झचं, ते कंट्रोलरकडून येतं. कोअर किती पळतात याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. समजा ते घड्याळही पाच टक्के पळालं असतं, तरी सूर एका स्वरापेक्षा (इथे स्वर म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) थोडा कमीच चढला असता, म्हणजे पांढरी चारची काळी तीनसुद्धा पुरती नाही.

बुवा किती चढली म्हणाले? दीड स्वर म्हणाले असतील तर मला कारण माहीत आहे. तुम्ही तो गजर थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला, की दुसऱ्या कशावर करून आणला?

वेंगुर्ल्याचा_फोटोवाला

अण्णा, पाय कुठे आहेत तुमचे? बुवा म्हणाले "काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतंय." म्हणजे दीडच!

तो एकच गजर मी हँडी रेकॉर्डरवर केला होता, कारण त्या दिवशी दुपारभर वीज नव्हती. रेकॉर्डर 44,100 वर होता. कॉम्प्युटरवरचा प्रोजेक्ट 48,000 चा.

जुना_खोका

झालं तर मग. 44,100 ची फाइल, सॉफ्टवेअरने न बदलता 48,000 ची समजून वाजवली. 48 भागिले 44.1, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के वेग जास्त, आणि सूर दीड स्वराच्या आसपास वर. गजर दहा मिनिटांचा असेल तर तो नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपेल, घड्याळ लावून बघा. ओव्हरक्लॉकचा यात काडीचा हात नाही. मूळ फाइल 44,100 चीच आहे असं सॉफ्टवेअरला सांगा आणि मग 48,000 ला रूपांतर करा. बुवांना साष्टांग नमस्कार सांगा, असा कान हल्ली दुर्मीळ.

फेज_न्यूट्रल

तुमी सगळे त्या बायोसात शिरलास, पण घराच्या अर्थिंगाक कोणी विचारूक नाय. माजो धंदो वायरिंगचो, 22 वर्षां, देवगडाक. भाऊ, तुज्या माडयेरचो सॉकेट तीन भोकांचो आसा ता खरा, पण तिसऱ्या भोकाच्या पाठीमागे वायर आसा काय? की नुसतीच शोभा?

पुढचं सरळ मराठीत लिहितो, नायतर रत्नांग्रीच्या बाई विचारतील हा काय म्हणतो म्हणून.

कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला टेस्टर लावा. दिवा पेटला आणि हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर अर्थिंग मेलेलं आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गाळणीचे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. पत्रा जमिनीला जोडलेला नसला की तो मधेच तरंगतो, 230 च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा, पण त्याला कुठून तरी जायचंच असतं. तो जातो तुमच्या मिक्सरच्या ऑडिओ वायरच्या जाळीतून. तीच तुमची घूंऽऽ. किर्र येते ती आतली: प्रोसेसर आणि कार्ड करंट ओढतात तसा जमिनीचा संदर्भ हलतो. ओव्हरक्लॉकने करंट वाढला म्हणून आधी दबलेली किर्र आता ऐकू आली असेल.

आपल्याकडे आणखी एक भानगड. जांभा. जांभ्यात पाणी टिकत नाही. पावसात अर्थिंग झकास दाखवतं, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत. त्यात आपण कोळसा आणि मीठ भरतो, वर समुद्राची हवा, काही वर्षांत पाइपचा जोड गंजून सुटतो आणि वरून काहीच कळत नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायची शिस्त आमच्या आज्याला होती, आम्हाला नाही.

एक हात जोडून विनंती. घूं घालवायला मिक्सरच्या प्लगची मोठी पिन कापू नका, दोन पिनचा अडॅप्टर लावू नका. आवाज जातो हे खरं. एक दिवस माणूसही जातो. माइक धरलेला गायक ओल्या पायांनी उभा असतो, हे विसरू नका.

रत्नांग्रीची

मालवणी मला कळते हो, सासर कणकवलीचं आहे.

दादा, यांचं ऐका, आणि सोबत दोन गोष्टी. मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा, दोन भिंतींच्या दोन सॉकेटवर नको. आणि हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात लावत असाल तर मागच्या हिरव्या भोकात लावून बघा. पुढच्या भोकाची वायर आतून ग्राफिक्स कार्डाच्या खालून जाते आणि वाटेत सगळी किर्र गोळा करते. खाऱ्या हवेने भोकांतली पानं हिरवी पडली असतील तर मशीन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तो बोळा बघून तुम्हाला शिसारी येईल.

वेंगुर्ल्याचा_फोटोवाला

आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा. मधे बारसं आणि दोन साखरपुडे होते.

सगळ्यात आधी बायोस. रॅम 3600, फॅब्रिक 1800. कोअर मुद्दाम 4.6 वरच ठेवले, कारण ताई म्हणाल्या तीन गोष्टींचं कारण एक नसेल, तर एकेक बदलून बघायचं ठरवलं. तीन रात्री रेकॉर्डिंग लावून ठेवलं, माइकसमोर फक्त बेडूक. एकही तड् नाही. क्रमांक 19 ची नोंद शून्य. मग हौस म्हणून पुन्हा 2000 केलं, अकरा मिनिटांत पहिली नोंद आली आणि बेडकांच्या मधे तड्. परत 1800. आता हात लावणार नाही. कोअरही दुसऱ्या दिवशी मूळ जागी आणले. माडीवर ऑगस्टमध्येसुद्धा इतकं उकडतं की पंखा वाढवला की तोच माइकमध्ये येतो. ती तीन मिनिटं परत केली.

लेटन्सीमॉनही (आवाज कोणामुळे अडतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं, भाच्याने शेवटी फोन उचलून सांगितलं म्हणून. त्यात वाय-फायचा ड्रायव्हर मधूनमधून अडथळा करताना दिसला. रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद ठेवतो. बफरही 256 चा 1024 केला, म्हणजे 21 मिलिसेकंद. बुवा हेडफोनमध्ये मिक्सरवरूनच ऐकतात, त्यांना त्या उशिराचा फरक पडत नाही.

अर्थिंग. टेस्टर लावला, दिवा चांगला भगभगीत पेटला. इतकी वर्षं मला मुंग्या यायच्या, मला वाटायचं वय झालं. गावातला वायरमन बोलावला, माडीच्या सॉकेटच्या पाठीमागे हिरवी वायर होती, पण खाली मेन बोर्डात ती गुंडाळून नुसती कोंबून ठेवलेली. कुठेच जोडलेली नाही. घर बांधल्यापासून! जोडली, खड्डा उकरला, पाइपचा वरचा जोड हातात आला. नवीन केलं. 3,400 रुपये झाले, पण घूं गेली. कान लावून ऐकलं तर किर्र अजून एक पाव आहे, मागच्या भोकातून ऐकलं तर तीही नाही. बोळा बघितला ताई. हिरवा नव्हता, काळा होता.

एक प्रश्न राहिला. तडतडीसकट रेकॉर्ड झालेले दोन अभंग आहेत. बुवांचा घसा बसलाय, परत गाणार नाहीत. ते वाचतील का?

रत्नांग्रीची

जिथे नुसती टाचणी टोचल्यासारखी टिकली आहे तिथे वाचतील. ऑडॅसिटीत ती जागा मोठी करून बघा, 128 सॅम्पलपर्यंतचा तुकडा निवडून रिपेअर दिलं की आजूबाजूच्या लाटेवरून ती जागा भरली जाते. एकेक टिकली हाताने. संध्याकाळ जाईल. सगळ्या ट्रॅकवर क्लिक रिमूव्हल मारू नका, टाळांची धार बोथट होते, मी केलंय.

जिथे तुकडाच गायब आहे, म्हणजे ताल अर्धी मात्रा पुढे उडी मारतो, तिथे भरायला काही नाही. त्याच अभंगात तीच ओळ दुसऱ्यांदा आली असेल तर तिथून उचला.

वेंगुर्ल्याचा_फोटोवाला

31 टिकल्या होत्या, 30 गेल्या. समेवरची ती मृदुंगात अशी मिसळलीय की काढली तर थाप पोकळ लागते. बुवांना ऐकवली. म्हणाले, "ऱ्हवांदे ती. मृदुंगवाल्याक सांगू नको."